गाडी पाणी पिते, पण ते जातं कुठे?

मे महिन्यात घाटात तापलेल्या गाड्यांचं दुखणं जूनमध्ये बाहेर पडतं, हे मी भवानी पेठेतल्या आमच्या गॅरेजमध्ये लहानपणापासून बघत आले आहे. या महिन्यातल्या निम्म्याहून जास्त पत्रांत एकच वाक्य आहे: 'मेकॅनिक म्हणतो, हेडचं पॅकिंग गेलं.' एवढ्या जणांना एकदम हेच ऐकावं लागतंय म्हटल्यावर या अंकात दुसरा विषय घेत नाही. टायरवाल्या आणि बॅटरीवाल्या वाचकांनी महिनाभर थांबावं, ही विनंती.

ताई, मे महिन्यात आम्ही पाचजण पाचगणीला निघालो होतो. गाडी पेट्रोलवरची, ७ वर्षांची, ६८ हजार किलोमीटर झालेली. पसरणी घाटात निम्म्यावर काटा लाल पट्ट्यात गेला. यजमानांनी दहा मिनिटं थांबून रेडिएटरचं झाकण उघडलं, वाफ उसळली, थोडक्यात हात वाचला. मग पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या ओतल्या आणि तसेच पुढे गेलो. तेव्हापासून दर आठवड्याला पाणी बोटभर खाली जातं. जमिनीवर मात्र थेंब दिसत नाही. सकाळी सुरू केली की पहिले पाच-सात सेकंद गाडी अडखळते, मग सुरळीत चालते. जवळच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, हेड गॅस्केट गेलं, ३८ हजार रुपये लागतील. यात खरं किती, हे आम्हाला कसं कळणार? (कोथरूड)

ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा तपशील तुम्ही जाता जाता लिहिलाय: सकाळचं अडखळणं. त्याकडे येते. आधी ते गॅस्केट असतं कुठे, ते सांगते.

इंजिनाचे दोन मोठे तुकडे. खाली ब्लॉक, त्यात पिस्टन वरखाली होतात. वर हेड, त्यात व्हॉल्व्ह बसलेले. या दोघांच्या मधे जो पातळ पत्रा दाबून बसवलेला असतो, तेच हेड गॅस्केट, आपल्या गॅरेजच्या भाषेत हेडचं पॅकिंग. पूर्वी तांबं आणि अ‍ॅस्बेस्टॉसचं यायचं, आता बहुतेक गाड्यांत स्टीलच्या पातळ थरांचं असतं. त्याला एकाच वेळी तीन गोष्टी अडवायच्या असतात: सिलिंडरमधल्या जळत्या गॅसचा दाब, इंजिनाभोवती फिरणारं पाणी आणि वर चढणारं ऑइल. तिघांचे रस्ते एकमेकांपासून काही मिलिमीटरवरून जातात. पेट्रोल इंजिनात स्फोटाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब ५० बारच्याही वर जातो, आणि शेजारच्या पाण्याचा दाब असतो जेमतेम १ बार. आता या दोघांमधली कड जळली तर काय होईल, तुम्हीच बघा.

गाडी चालू असताना गॅस पाण्यात घुसतो. पाण्याला जागा उरत नाही, ते रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीत ढकललं जातं, बाटलीतून बाहेर सांडतं आणि सांडलेलं रस्त्यावर वाळून जातं. गाडी बंद केली की खेळ उलटा होतो. सिलिंडरमध्ये दाब नाही, पाणी अजून गरम आणि दाबाखाली, मग तेच त्या फटीतून थेंबथेंब सिलिंडरमध्ये उतरतं. रात्रभर तिथे चमचाभर पाणी साचतं. सकाळी स्टार्टर मारला की त्या एका सिलिंडरचा प्लग ओला असतो, तो पेटत नाही, गाडी अडखळते. पाच-सात सेकंदांत ते पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं आणि गाडी शहाण्यासारखी चालू लागते. तुमची हकिकत या चित्राशी चांगलीच जुळते. गॅरेजवाल्याचा अंदाज चुकला असेल असं म्हणून मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही.

पण अंदाज तो अंदाजच. दोन मिनिटांत बॉनेट बघून ३८ हजारांचा आकडा सांगणं मला मान्य नाही. माझे बाबा हाताखालच्या पोरांना एकच विचारायचे, 'पाणी गेलं कुठे, ते आधी सांग. मग पाना उचल.' पाणी गायब व्हायला इतरही वाटा आहेत. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, पंपाचं सील गेलं की तिथून पाणी झिरपतं आणि गरम ब्लॉकवर सुकून जातं, जमिनीपर्यंत पोचतच नाही. मागे राहतो तो कुलंटच्या, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या रंगीत द्रवाच्या, रंगाचा नाहीतर पांढुरका ओघळ. हीटरची छोटी जाळी गळत असेल तर पायाखालचं कार्पेट ओलसर लागतं, काचेवर आतून चिकट धुकं धरतं आणि गाडीत गोडसर वास येतो. आणि रेडिएटरचं झाकण! काही शे रुपयांची ही वस्तू कुणी तपासतच नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकण साधारण १ बार दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग मेली किंवा रबर चिरलं की चांगलं इंजिनही पाणी बाहेर फेकायला लागतं. अशी किती हेडं विनाकारण उतरवली गेली असतील, याचा विचार आला की मला वाईट वाटतं.

म्हणून पैसे मोजण्याआधी तुम्ही स्वतः एक गोष्ट करा आणि गॅरेजकडून तीन करून घ्या.

तुमची गोष्ट अशी. रात्रभर उभी असलेली, पूर्ण थंड गाडी. थंडच, हे पुन्हा लिहिते. झाकण उघडा, पाणी पूर्ण भरा, झाकण घट्ट लावा. रेडिएटरला वरून येणारा जाड रबरी पाइप हाताने दाबून बघा, तो मऊ लागेल. आता गाडी सुरू करायला सांगा आणि हात पाइपवरच ठेवा, पण फॅन आणि पट्ट्यापासून लांब. साडीचा पदर किंवा ओढणी आधी खोचून घ्या. पाणी तापायला पाच-सात मिनिटं लागतात, तोवर पाइप मऊच राहायला हवा. तो मिनिट-दीड मिनिटात, कोमटही झालेला नसताना, दगडासारखा कडक झाला तर आतला दाब वाफेचा नाही, सिलिंडरमधल्या गॅसचा आहे. थंड पाण्याला इतक्या लवकर दाब धरायला दुसरं कारणच नसतं.

गॅरेजमध्ये पहिली मागा प्रेशर टेस्ट. गेज लावलेला हातपंप झाकणाच्या जागी बसवायचा, १ बार हवा भरायची आणि पंधरा मिनिटं थांबायचं. काटा हलला नाही तर उत्तम. खाली आला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर प्लग काढून इंजिन फिरवून बघायचं. मी एका गाडीत दोन नंबरच्या भोकातून हिरव्या पाण्याची चूळ थेट बॉनेटच्या आतल्या बाजूला उडालेली बघितली आहे. मालक शेजारीच उभे होते. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

दुसरी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजायचं. प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून घ्या. समजा, चारांपैकी दोन १७० पौंड दाखवतात आणि शेजारशेजारचे दोन १००. मग त्या दोघांमधलीच कड जळलेली असणार. पण चारही आकडे चांगले आले म्हणून निश्चिंत होऊ नका. बारीक फट या टेस्टमध्ये पुष्कळदा सापडत नाही.

तिसरी मला सगळ्यात आवडते. काचेची किंवा प्लास्टिकची एक नळी असते, तिच्यात निळं द्रव भरतात. ती रेडिएटरच्या तोंडावर धरायची आणि वरच्या फुग्याने पाण्यावरची हवा त्या द्रवातून ओढायची. पाण्यात जळलेला गॅस असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निळं द्रव पिवळं होतं. होताना बघण्यासारखं असतं: आधी निळ्यात हिरवी छटा येते, मग कच्च्या कैरीचा रंग, मग पिवळा. एक काळजी मात्र घ्यायची. टेस्टआधी रेडिएटरची पातळी दोन इंच खाली घ्यायची. पाणीच ओढलं गेलं तर द्रव खराब होतं आणि निकाल खोटा येतो. ही टेस्ट करायला वीस मिनिटं पुरतात. ज्याच्याकडे हा संच नाही त्याने हेड खोलण्याआधी तो विकत आणावा किंवा गाडी दुसरीकडे पाठवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता घाटातली गोष्ट. यजमानांना मी दोष देत नाही. मुलं गाडीत, मे महिना, मागून हॉर्न. अशा वेळी माणूस घाबरतोच. पण पुढच्या वेळेसाठी वाचून ठेवा. काटा वर जाऊ लागला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात, काचा खाली. हीटरची जाळी म्हणजे छोटा रेडिएटरच, तो थोडी उष्णता ओढून घेतो. काटा लाल पट्ट्यात गेलाच तर सुरक्षित जागा बघून गाडी बंद. झाकणाला किमान पाऊण तास हात लावायचा नाही. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, ते बिडाच्या ब्लॉकपेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं आणि आकसतं. तापून फुगलेल्या हेडला एकदम गार पाणी लागलं की ते वाकतं, कधी व्हॉल्व्हच्या मधे तडकतं. पॅकिंग बदलता येतं, तडकलेलं हेड मात्र फार महाग पडतं.

आणखी एक, या पत्राच्या निमित्ताने सगळ्यांसाठी. पाणी पूर्ण संपलं असेल तर काटा खोटं बोलू शकतो. टेंपरेचर सेन्सर पाण्यात बुडालेला असला तर खरं सांगतो. भोवती पाणीच नसलं तर इंजिन भट्टी झालेलं असतं आणि काटा खाली येतो. चालत्या गाडीत हीटर अचानक गार हवा फेकायला लागला, तर काटा काहीही दाखवो, गाडी बाजूला घ्या. आजकालच्या कित्येक छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, थंडीला निळा दिवा आणि तापल्यावर लाल. तो लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

मी ७४ वर्षांचा निवृत्त शिक्षक. गाडी मंडई, बँक आणि शनिवारी सारसबाग एवढीच फिरते. परवा ऑइलचं झाकण उघडलं तर आतून पांढरट, साय धरल्यासारखा थर. शेजारच्या तरुणाने 'काका, इंजिन गेलं' असं सांगून झोप उडवली. शिवाय डिसेंबरात पहाटे सायलेन्सरमधून पांढरा धूरही येत असे. (सदाशिव पेठ)

काका, आज रात्री नीट झोपा.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. होय, आगीतूनच. ते वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून जातं. थंड पहाटे त्या वाफेचे बाहेर पडताच बारीक थेंब होतात आणि ती पांढरी दिसते, जसा थंडीत आपला श्वास दिसतो. दहा मिनिटांत सायलेन्सर तापला की ती दिसेनाशी होते. याच वाफेतला थोडा अंश पिस्टनच्या कडेने खाली ऑइलच्या खोलीत उतरतो. लांब फिरणाऱ्या गाडीत ऑइल तापतं आणि तो उडून जातो. तुमची गाडी मंडईपर्यंत जाऊन थांबते, ऑइलला तापायला वेळच मिळत नाही. मग ती वाफ सगळ्यात थंड जागी, म्हणजे वरच्या झाकणाच्या आत जमते आणि ऑइलशी मिसळून साय धरते. पावसाळ्यात हे आणखी वाढतं.

झाकण पुसा. ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी ओढून बघा. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ, मधासारखं किंवा नुसतं काळं असेल आणि कुलंटच्या बाटलीतली पातळी जिथल्या तिथे असेल, तर गॅस्केटला काही झालेलं नाही. पट्टीवरच दुधाळ चहासारखं, घट्टसर काही आलं तर मात्र गाडी सुरूसुद्धा करू नका, मला कळवा. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगला वंगण देत नाही. या रविवारी काकूंना घेऊन खडकवासल्याला जाऊन या. जाता-येता तासभर गाडी सलग चालू द्या आणि परत आल्यावर झाकण पुन्हा बघा. सहा महिने झाले असतील तर, किलोमीटर कितीही कमी असोत, ऑइल बदलून घ्या.

खऱ्या पांढऱ्या धुराची ओळखही सांगून ठेवते. इंजिन पूर्ण तापलं, अर्धा तास झाला, बाहेर ऊन आहे, तरी दाट पांढरा धूर थांबत नाही आणि त्याला गोडसर वास आहे: हा कुलंट जळण्याचा धूर. निळसर धूर ऑइलचा, काळा धूर जास्तीच्या इंधनाचा, त्यांचा या दुखण्याशी संबंध नाही. बाबा एक पांढरा रुमाल सायलेन्सरपासून हातभर अंतरावर धरायचे आणि मग हुंगायचे. मी आजही तसंच करते, पण धूर थेट नाकाने कधी ओढू नये.

ताई, माझी डिझेल गाडी चाकण-भोसरी भाड्याने चालते. पाण्याच्या बाटलीत वर काळपट तेलाचा थर आलाय. एक मिस्त्री म्हणाला हेड खोला. दुसरा म्हणाला, रेडिएटरमध्ये हळद किंवा बाजारात मिळणारी लीकची पावडर टाक आणि थर्मोस्टॅट काढून टाक, गाडी गार चालेल. गाडी उभी राहिली की माझा धंदा बसतो. काय करू? (भोसरी)

दादा, हेड खोलू नका, हळदही टाकू नका. आधी ऑइल कूलर बघा.

बऱ्याच डिझेल इंजिनांत ऑइल थंड करायला एक छोटा कूलर असतो. त्याच्या एका बाजूने पाणी आणि दुसऱ्या बाजूने ऑइल जातं, मधे पातळ भिंती. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून भिंत फुटली की ऑइल पाण्यात जातं. तुमच्या बाटलीत तेल आलंय, पण पट्टीवरचं ऑइल दुधाळ झालंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पट्टी स्वच्छ असेल, गाडी अडखळत नसेल, पिकअप पडलेला नसेल, थंड असताना पाइप कडक होत नसेल, तर माझा पहिला संशय कूलरवर. हेडच्या मानाने ते काम फार लहान. नंतर पाण्याची पूर्ण यंत्रणा तीन-चार वेळा धुवावी लागेल आणि तेलाने फुगलेले रबरी पाइप बदलावे लागतील, तेवढं मात्र टाळू नका.

डिझेलवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. धूर पांढरा आणि पाणी कमी होतंय, तरी ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडायचा थोडा धूर आधी गार करणारा कूलर, फुटलेला असू शकतो. तिथून पाणी थेट इंजिनाच्या श्वासात जातं आणि सगळी लक्षणं हेड गॅस्केटसारखीच दिसतात.

हळदीबद्दल: ट्रकवाले जुन्या काळी आडरानात रेडिएटरची बारीक गळती थांबवायला हळद टाकायचे, गावापर्यंत पोचायला. ती मजबुरी होती. आजच्या रेडिएटरच्या आणि हीटरच्या नळ्या अगदी अरुंद असतात, हळद आणि पावडर आधी त्याच बुजवतात. ५० बारच्या पुढच्या दाबाची फट हळदीने बुजत नसते. डिझेलमध्ये तर दाब १५० बारपर्यंत आणि त्याच्याही वर जातो.

थर्मोस्टॅट काढणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. पाणी ८५ ते ९५ अंशांवर राहावं म्हणून तो असतो. काढला की इंजिन सपाटीवर गरजेपेक्षा थंड चालतं, डिझेल जास्त खातं, ऑइलमध्ये ओल साचते आणि मूळ दुखणं तसंच राहतं. खराब असेल तर नवा बसवा. रिकामी जागा ठेवू नका.

सेकंडहँड गाडी बघायला जातोय, हेड गॅस्केटचं काम झालेलं किंवा होणारं आहे हे कसं ओळखू? (वाकड)

मालकाला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या, गार होऊ द्या किंवा दुसऱ्या दिवशी या. वर लिहिलेली पाइपची परीक्षा तिथेच करा. बाटलीत कुलंटऐवजी नुसतं नळाचं पाणी, गंजाचा रंग किंवा तेलाचा तवंग असेल तर विचारा, का. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर नवं सिलिकॉन बाहेर आलेलं किंवा बोल्टवर पान्याचे ताजे ओरखडे दिसले तर कामाचं बिल मागा. काम झालेलं असणं वाईट नाही, लपवलेलं असणं वाईट. मग अर्धा तास चालवून बघा. चांदणी चौकाचा चढ एसी लावून चढवा, उतरल्यावर गाडी पाच मिनिटं उभ्यानेच चालू ठेवा आणि रेडिएटरचा पंखा आपोआप लागतो का, ते कान देऊन ऐका.

गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये हेड गॅस्केट बदलून घेतलं. आठ महिन्यांत तेच पुन्हा. गॅरेजवाला म्हणतो, पार्ट डुप्लिकेट निघाला असेल. आता दुसरीकडे देतोय, काय काय विचारून घेऊ? (हडपसर)

तुमचं पत्र वाचून मला माझीच एक गाडी आठवली. बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी एकटीने केलेलं पहिलं हेड. काम मी मनापासून केलं होतं, दोन महिन्यांत गाडी त्याच तक्रारीसह परत दारात. मी पॅकिंग बदललं होतं, पण गाडी मुळात तापली का, ते शोधलं नव्हतं. रेडिएटरच्या पंख्याचा रिले, म्हणजे त्याला वीज देणारा आपोआप चालणारा स्विच, अधूनमधून अडकत होता. हायवेवर वारा लागतो तोवर गाडी गार असायची, स्वारगेटच्या सिग्नलला पंखा लागायचा नाही आणि ती तापायची. दुसऱ्यांदाचं सगळं काम मी पदरमोड करून करून दिलं. तेव्हापासून हेड उतरवण्याआधी पंखा, रिले, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, झाकण आणि रेडिएटरच्या नळ्या बघितल्याशिवाय मी पाना उचलत नाही. पॅकिंग सहसा आपणहून जात नाही. त्याला कुणीतरी तापवलेलं असतं.

तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: मागच्या वेळी गाडी कशामुळे तापली होती?

दुसरा, हेड तपासलं होतं का. यासाठी मोठी सरळ स्टीलची पट्टी हेडच्या सपाट तळावर उभी ठेवतात, लांबीला, रुंदीला आणि दोन्ही तिरक्या रेषांत, आणि खालून फिलर गेजचं पातं सरकवून बघतात. पुष्कळ इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपर्यंतचाच वाक चालतो. डोक्याच्या केसाइतकं पातळ हे पातं. बाबा ते सरकवताना डोळे मिटून घ्यायचे, पातं कुठे अडतंय आणि कुठे मोकळं जातंय ते बोटांना कळू द्यायचे. वाक जास्त निघाला तर हेडचं मशिनवर फेसिंग करायचं, म्हणजे तळ घासून सपाट करायचा, आणि त्याआधी दाबाने पाणी भरून तडा तपासून घ्यायचा. नाना पेठेच्या बाजूला पार्ट घ्यायला गेलात की अशी कामं करणारे कारागीर कुणीही दाखवेल. काही जण हेड आणि ब्लॉकचा पृष्ठभाग ग्राइंडरला पॉलिशची चकती लावून घासतात. ते करू देऊ नका. जागोजागी खड्डे पडतात आणि चकतीची कचकच ऑइलच्या वाटेत जाऊन बेअरिंग खाते.

तिसरा प्रश्न बोल्टचा. आजच्या बहुतेक इंजिनांत हेडचे बोल्ट एकदाच ताणून बसणारे असतात. ते पुन्हा वापरले तर पकड कमी राहते. नवे घालायला सांगा, बिलात वेगळे लिहून घ्या. बोल्टच्या भोकात तळाला ऑइल किंवा पाणी राहिलं तर टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा खोटा येतो, ब्लॉकसुद्धा तडकू शकतो, म्हणून भोकं हवेने साफ करून घ्यावी लागतात. मग कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या क्रमाने, सहसा मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने आवळायचं, शेवटी सांगितलेल्या अंशांचा फिरका. सोडवताना उलट, बाहेरून आत, आणि इंजिन पूर्ण थंड असताना. हाताच्या अंदाजाने हेड आवळणारा माणूस कितीही जुना असो, त्याच्याकडे गाडी देऊ नका. बाबांचा हात फार बसलेला होता, तरी टॉर्क पाना ते कपड्यात गुंडाळून वेगळ्या कप्प्यात ठेवायचे.

काम झालं की कुलंट आणि डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी निम्मं-निम्मं भरायला सांगा, बोअरचं किंवा नळाचं नको. आतली हवा पूर्ण काढून घ्यायला लावा. पहिल्या दिवशी बाटलीत थोडे बुडबुडे दिसले तर घाबरू नका, अडकलेली हवा निघते आणि ते थांबतात. गाडी गरम होऊनही बुडबुडे एकसारखे येतच राहिले तर परत जा. काढलेलं जुनं कुलंट उघड्या घमेल्यात राहू देऊ नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं; गॅरेजच्या दारातली कुत्री ते चाटायला येतात.

आणि जुनं पॅकिंग भंगारात जाण्याआधी मागून घ्या. उजेडात धरा आणि सिलिंडरच्या गोलांच्या मधली अरुंद जागा बघा. कुठेतरी एक काळी, भाजलेली रेघ एका गोलातून दुसऱ्या गोलात किंवा पाण्याच्या भोकात गेलेली दिसेल. मागच्या वर्षीचं गॅस्केट त्या गॅरेजवाल्याने ठेवलं असेल तर तेही मागा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. रेघ दोन्ही वेळा एकाच जागी असेल, तर पार्टचा दोष असण्याची शक्यता कमी. त्याच जागी हेड किंवा ब्लॉक वाकलेला असणार. नव्या मिस्त्रीला ती जागा खडूने खूण करून दाखवा आणि फिलर गेज आधी तिथेच लावायला सांगा.